बाबा, रात्री बॉयलरकडे जाऊ नका

ऐरोली, 15 जानेवारी

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

काल संक्रांतीला ताईचा फोन आला होता. तिळगुळाचं बोलणं झाल्यावर तिने हळूच सांगितलं, की बाबा रात्री दोनला उठतात, स्वेटरवर कोट चढवतात आणि मागच्या शेडमध्ये बॉयलरला लाकडं घालायला जातात. तेव्हापासून मला चैन नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटची थंडी, बाहेर उणे 20, पायवाटेवर गोठलेला बर्फ आणि तुमचं वय 74. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

तुमची तगमग मला कळते. नौपाड्याच्या घरात पहाटेचा बंब तुम्हीच पेटवायचात. करवंट्या, नारळाच्या शेंड्या, वखारीतल्या ढलप्या. विस्तव विझला की पाणी गार, हा हिशेब तुमच्या हातात मुरलाय. ताईकडे मात्र बॉयलरच्या गरम पाण्याने फरशी तापते आणि तिनेच घर उबदार राहतं. तिथे विस्तव आणि तुमचे पाय यांच्यामध्ये उष्णतेचे दोन साठे आहेत.

पहिला साठा म्हणजे बॉयलरशेजारची 2000 लिटरची टाकी. संध्याकाळी बॉयलर जोरात पेटला की तिच्यातलं पाणी 80 अंशांपर्यंत चढतं. ते 40 वर उतरेपर्यंत घराला सुमारे 93 युनिट (विजेच्या बिलात असतात तीच) उष्णता मिळते. रबाळ्याच्या कारखान्यात मी रोज असेच हिशेब करतो, त्यामुळे या आकड्यावर विश्वास ठेवा. 1 किलो वाळलेल्या लाकडातून साधारण 4 युनिट निघतात, थोडी धुराड्यातून जातात. म्हणजे तीसेक किलो लाकडात टाकी भरते. त्या वेळात घर जे ओढून घेतं, ते वेगळं. तुम्ही झोपलेले असता तेव्हा ही टाकीच काम करत असते.

दुसरा साठा तुमच्या पायाखालचं काँक्रीट. त्यात नागमोडी नळ्या पुरल्या आहेत. बॉयलरचं कढत पाणी त्यांत थेट सोडत नाहीत. मिक्सिंग व्हॉल्व्ह त्यात परतीचं कोमट पाणी मिसळतो आणि 35-40 अंशांचं पाणी फिरवतो. एवढं जाड काँक्रीट तापायला कित्येक तास घेतं, निवायलाही तितकेच. दोन वाजता घातलेल्या लाकडाची ऊब तुम्हाला न्याहारीनंतर जाणवणार. ताई म्हणाली, दहा वाजता खिडक्या उघडाव्या लागतात. ती तुमचीच रात्रीची लाकडं, बाबा.

आणि टाकी भरलेली असताना लाकडं घातली की बॉयलर हवा बंद करतो. मग ती पेटत नाहीत, नुसती धुमसतात. त्या धुरातलं डांबर धुराड्यात चिकटतं आणि एखाद्या दिवशी तेच पेट घेतं. ओल्या लाकडाने तर हे फार लवकर होतं. तिथे लाकूड फोडून, रचून, वर्षभर तरी वाळवतात, ओलावा 20 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. त्यामुळे शेडबाहेरचे नवे ओंडके घेऊ नका. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतच काढा आणि बादली घरापासून लांब ठेवा. राखेत निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा त्याचा अलार्म चालू आहे ना, हे दाजींकडून या रविवारी तपासून घ्या.

आई, तू अनवाणी फिरतेस हे ऐकून फार बरं वाटलं. इथल्या कोटा फरशीवर तू डिसेंबरातसुद्धा मोजे घालायचीस. तिथली फरशी हाताला गरम लागत नाही म्हणून काळजी करू नकोस, पृष्ठभाग 29 अंशांच्या वर नेतच नाहीत. फक्त पोथी वाचायला अंथरलेली जाड गोधडी वाचून झाली की उचलून ठेव, तिच्याखाली उष्णता अडते. गुडघ्याचं तेल संपत आलं असेल तर कळव, पुढच्या महिन्यात माझा मित्र तिकडे येतोय.

बाबा, बॉयलर सोडा असं मी म्हणत नाही. संध्याकाळी तो पेटवणं तुमच्याकडेच राहू दे, दाजींपेक्षा तुमचा हात त्यात चांगला आहे. टाकीला वर आणि खाली असे दोन तापमापक आहेत. रात्री नऊला आणि सकाळी सहाला दोन्ही आकडे मला पाठवत जा. तुमचे सहा म्हणजे इथले दुपारचे साडेचार, मी कामावरच असतो. सकाळी वरचा आकडा 50 च्या पुढे असेल, तर रात्री उठायची गरजच नव्हती असं समजा. आजपासूनच सुरू करा, मी वाट बघतोय.

तुमचा,
नंदू