दिव्यांगांचा जादा खर्च कुठे मोजायचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संजय गांधी निराधार योजनेतले दिव्यांगांचे मासिक अर्थसाहाय्य ऑक्टोबर 2025 पासून 1,500 वरून 2,500 रुपये झाले. वाढ मोठी आहे, तिचे मनापासून स्वागत. पण किमान 40 टक्के दिव्यांगत्वाबरोबर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50 हजारांच्या आत असण्याची अट तशीच आहे. रोजगार हमीची 2025-26 ची मजुरी दिवसाला 312 रुपये. घरातल्या एकट्याने या दराने वर्षात 161 दिवस मजुरी केली, की 50,232 रुपये होतात आणि ‘निराधारचा पगार’ हातचा जातो. तलाठ्याच्या अहवालात मजुरी धरली जाते, पण दिव्यांगत्वामुळे त्याच मजुरीतून किती पैसा जातो हे कोणी विचारत नाही.

हा खर्च किती बारीकसारीक असतो ते पाहावे. विहिरीत किंवा झाडावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या माणसाला लघवीसाठी दिवसातून किमान चार वेळा नळी घालावी लागते. प्रत्येक वेळी नवी म्हटले तर महिन्याला 120 नळ्या, शिवाय जेली आणि हातमोजे. परवडत नाही म्हणून एकच नळी धुऊन खिडकीत वाळवतात आणि पुन्हा वापरतात. धुण्यात कसर राहिली की जंतुसंसर्ग होतो, ताप येतो, आणि नळ्यांवर वाचवलेले पैसे औषधांत जातात.

बॅटरीवरच्या तीनचाकीचेही तेच. गाडी शिबिरात मिळते, हमीची मुदत संपली की पुढचा खर्च ज्याचा त्याने करायचा. तिला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लागतात. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर चिखल असतो, म्हणून गाडी चार महिने कोपऱ्यात उभी राहते. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती पुन्हा पुरती चार्ज होत नाही. उरलीसुरली ताकद आपला उन्हाळा संपवतो. गाडी चालो न चालो, दर पंधरा दिवसांनी ती पूर्ण चार्ज करावी. बदलायची वेळ आली तर दोन्ही बॅटऱ्या एकदम बदलाव्यात, कारण जुनी बॅटरी नवीलाही ओढून खाली आणते. साध्या व्हीलचेअरची पुढची चाके लहान आणि अरुंद, दवाखान्याच्या फरशीसाठी केलेली. आपल्या काळ्या मातीत ती पहिल्या पावसातच रुततात.

सोबत्याची बुडालेली मजुरी तर कुठेच धरली जात नाही. झरी-वणीकडून यवतमाळला तपासणीला जायचे म्हणजे शंभरेक किलोमीटर. एसटीत दिव्यांगांना सवलत आहे. पण गावापासून फाट्यापर्यंतच्या ऑटोला ती नाही, आणि ऐन कापूस वेचणीत बुडालेला दिवस कोणी भरून देत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी देखभाल भत्त्याचा उल्लेख आहे. आमच्या भागात तो कोणाच्या हाती पडलेला आम्ही पाहिला नाही.

शासनाने उत्पन्नाची मर्यादा वाढवावी, आणि ती मोजताना हा खर्च वजा करावा. तोवर गावातच एक वाट आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. गावाची करवसुली 2 लाख असेल तर ते 10 हजार होतात. 20 दिव्यांगांत सारखे वाटले की प्रत्येकी 500, म्हणजे कोणाचेच काम होत नाही. सारखे वाटले की भांडण होत नाही, म्हणून सरपंच-ग्रामसेवकांना ते सोयीचे वाटते. आमच्या मते हा पैसा गरजेप्रमाणेच द्यायला हवा. यंदा दोघांच्या बॅटऱ्या आणि एकाच्या वर्षभराच्या नळ्यांना हातभार, पुढच्या वर्षी दुसऱ्यांचा नंबर. यादी ग्रामसभेत वाचून दाखवली तर कोणाला शंका राहत नाही.

त्यासाठी दिव्यांगांनी 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी लेखी अर्ज द्यावा. ‘मदत मिळावी’ एवढेच लिहू नये. वस्तू, नग, दुकानाचे दरपत्रक आणि ती किती महिने पुरते हे लिहावे. सोबत दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राची (यूडीआयडी कार्डाची) प्रत जोडावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदत आधी पाहून घ्यावी. पैसे थेट खात्यावर येणार असतील तर खाते आधारशी जोडलेले आहे एवढ्यावर थांबू नये. आधारवर आधारित रक्कम सर्वांत शेवटी ज्या बँकेशी आधार संलग्न झाले तिथे जाते, आणि पुष्कळदा ते जुने, विसरलेले खाते निघते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून उठू नये.

— दिव्यांगांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते,
जि. यवतमाळ