लॅब घ्यायचा की कारवानी? सोलापूरकरांनी आधी घर बघावं

मा. संपादक साहेब, नमस्कार,

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की पोरं घरात कुत्र्यासाठी हट्ट धरतात आणि मग आमच्यासारख्यांना फोन सुरू होतात, काका लॅब घेऊ का कारवानी घेऊ. आमच्या घरी लॅब्राडॉर आहे आणि धाकट्या भावाच्या मंगळवेढ्याकडच्या वस्तीवर कारवानी, त्यामुळं दोन्ही बाजू थोड्याफार माहिती आहेत, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं, जमलं तर उन्हाळ्याच्या आधी छापा.

आजकाल जो तो म्हणतोय देशी घ्या, मुधोळ घ्या. मुधोळ हाउंड म्हणजे तेच हो, आपल्याकडं त्याला कारवानी म्हणतात, अंगावर लांब रेशमी केस असले की पश्मी. मुधोळ तरी कुठं लांब आहे, विजापूरच्या पुढं बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, २००५ मध्ये पोस्टानं तिचं तिकीट काढलं, पुढं लष्करानंही मेरठच्या केंद्रात नेऊन ट्रेनिंग दिलं, आणि २०२० ला पंतप्रधानांनी मन की बातमध्ये नाव घेतल्यावर तर काय विचारूच नका. अभिमान मलाही आहे. पण म्हणून जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत कारवानी आणून बाल्कनीत बांधायचा, हे काय मला पटत नाही.

हा कुत्रा डोळ्यानं शिकार करणारा. लांब काहीतरी हललं की सुटलाच, मग तुम्ही शिट्टी मारा नाहीतर बिस्किटाचा पुडा वाजवा, ऐकणार नाही. मांजर, कोंबडी, शेजाऱ्याची शेळी, त्याला सगळं सारखंच. विजापूर रोडच्या ट्रॅफिकमध्ये असा पट्ट्यातून निसटला तर काय होईल ते सांगायला नको. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं ना, त्या आवाजानंही बिथरतो. भावाकडं तारेचं कंपाऊंड आहे, रान मोकळं आहे, सकाळी जीव तोडून पळतो आणि मग दिवसभर लिंबाखाली पडून असतो, इतका शांत की हा कुत्राच का असं वाटावं. त्याला मोकळं पळणं मिळालं नाही तर मात्र सोफा, चपला, दाराची चौकट काही ठेवत नाही. आणि वस्तीवर असला तरी त्याला घेऊन सशाच्या मागं जाणारे महाभाग आहेत, तो वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे एवढं ध्यानात ठेवा, आपल्याकडं नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे.

लेकरांचं म्हणाल तर कारवानी घरच्यांना जीव लावतो पण अंगचटीला आलेलं त्याला चालत नाही, पाहुण्यांनी तर हात लावायचाच नाही. झोपलेला असताना तीन-चार वर्षाचं पोर अंगावर पडलं तर दचकून दात दाखवणार. लॅबचं उलटं, त्याला चोर आला तरी आनंदच. फक्त पहिली दोन वर्षं तो इतका दांडगा असतो की प्रेमानं उडी मारूनच पोराला पाडतो, तेवढं सांभाळावं लागतं.

आता लॅबवाले म्हणतील मग झालं, लॅबच बेस्ट. थांबा. हा मूळचा कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा कुत्रा, गार पाण्यातनं जाळी ओढणारा, पुढं इंग्रजांनी वाढवला आणि १९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबनं, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेनं, मान्यता दिली. अंगावर तेलकट, दुहेरी केसांचा कोट. तो आणून आपण ठेवणार सोलापुरात, जिथं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो. कुत्र्याला आपल्यासारखा सगळ्या अंगाला घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच तो गार होतो. म्हणून उन्हाळ्यात फिरवायचं ते पहाटे नाहीतर रात्री डांबर गार झाल्यावर, मध्ये नाही. काहीजण उन्हाळ्यात लॅबला मशीननं सफाचट करतात, ते करू नका, वरचा कोट उन्हापासून वाचवतो, आतली लव रोज ब्रशनं काढली की बास. आणि नळाला पाणी काही दिवसाआड, तिथं आठवड्याला आंघोळ कुठनं घालणार, गरजही नसते.

पण उन्हापेक्षा लॅबला जास्त मारतं ते खाणं. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळं दोन खाण्यांच्या मध्ये त्याला भूक लागतच राहते. आपल्याकडं आज्जी म्हणणार, बघतोय बिचारा, द्या की अर्धी भाकरी. झालं, चार वर्षात कंबर गायब आणि मग मागच्या पायाचे खुबे दुखायला लागतात, बसला की उठवत नाही. आणि शेंगा चटणी लावलेली भाकरी तर अजिबात नको, लसूण आणि कांदा कुत्र्याला विषारी आहे. कारवानीचं दुखणं वेगळं, बरगड्या दिसतात म्हणून येणारा-जाणारा विचारतो खायला घालत नाही का हो, आणि मालक लाजून त्याला लाडू चारतो! अहो तो तसाच असतो. अंगात चरबी कमी म्हणून नसबंदीच्या वेळी भुलीचं औषध जपून द्यावं लागतं, डॉक्टरांना जात आधीच सांगा.

गोचीड दोघांनाही, फक्त कारवानीच्या आखूड केसात लगेच दिसते, लॅबच्या लवेत लपून बसते आणि ताप आल्यावर आपल्याला कळतं.

तर माझं मत विचाराल तर फ्लॅटवाल्यांनी, घरात लहान लेकरं असतील आणि आज्जीचा हात आवरता येत असेल तर लॅब घ्यावा. ज्यांच्याकडं शेत, वस्ती किंवा उंच कंपाऊंडचा प्लॉट आहे त्यांनी खुशाल कारवानी, त्याच्यासारखा राखणदार नाही आणि आपल्या हवेला तोच मानवतो. आणि दोन्ही नवरा-बायको सकाळी आठला बाहेर पडून रात्री येणार असाल तर मासे पाळा. कोणतंही पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायला कायद्यानं बंदी आहे, आईला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जाता जाता महापालिकेला आपल्या पेपरातून एक विनंती. शहरात एखादं जाळी मारलेलं मैदान सकाळी दोन तास कुत्री मोकळी सोडायला द्या, लसीकरणाचं कार्ड बघून आत घ्या, घाण मालकानं उचलायची, नाही उचलली तर दंड लावा. म्हणजे पहाटे रस्त्यावर चालायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनाही त्रास नाही.

आपला,
एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर