घड्याळाचं ऐकू नकोस

नाशिक

प्रिय मनू,

तुझं पत्र वाचून राग आला, तुझ्यावर नव्हे, तुझ्या मनगटावरच्या घड्याळावर. ‘व्हीओटू मॅक्स 36 च्या वर सरकतच नाही, माझ्यात दमच नाही,’ असं लिहितेस? अगं, ते घड्याळ नाडी आणि वेग बघून नुसता अंदाज बांधतं. खरं मोजमाप तोंडावर मास्क लावून, पार थकेपर्यंत ट्रेडमिलवर पळवून करतात.

आणि तो खरा आकडा तरी एकटा काय सांगणार? शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, एवढंच. हाफ मॅरेथॉनला त्यातला किती हिस्सा तू दोन-अडीच तास टिकवतेस, ते महत्त्वाचं. म्हणजे लॅक्टेट थ्रेशोल्ड: त्या वेगाच्या पुढे गेलीस की रक्तात लॅक्टेट, म्हणजे स्नायू राबताना तयार होणारा पदार्थ, साचत जातं आणि दम तुटतो. तिसरी गोष्ट रनिंग इकॉनॉमी, म्हणजे ठरावीक वेगाला ऑक्सिजन किती खर्च होतो. शरीरक्रियेचे अभ्यासक मायकल जॉयनर यांनी 1991 साली मॅरेथॉनच्या वेळेचं गणित मांडलं ते या तिन्ही गोष्टी धरूनच.

आमच्या ग्रुपमध्ये पन्नाशीच्या एक काकू आहेत. त्यांच्या घड्याळातला आकडा तुझ्याहून कमी. पण गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढे तरण्या पोरी धापा टाकायला लागल्या, की काकू शांतपणे पुढे निघून जातात. मी मुद्दाम मागे राहून बघितलं: पाऊल शरीराच्या खालीच पडतं, फार पुढे नाही, खांदे सैल, बुटांचा आवाज जवळजवळ नाहीच. चढालाही अख्खं वाक्य बोलतात. तू रोजच जीव तोडून पळतेस. आठवड्यातले बरेचसे दिवस असं गप्पा मारता येतील इतकं हळू धाव, आणि एखाद्या दिवशी थ्रेशोल्डच्या आसपास वीसेक मिनिटं.

पण त्याआधी रक्त तपास, मनू. हे मी हात जोडून सांगते. ऑक्सिजन वाहून नेतं ते हिमोग्लोबिन, आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. सावरपाड्याच्या कविता राऊतला 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य मिळालं, तिला बघून आपण दोघी धावायला लागलो. तेव्हा बूट कुठले घ्यायचे ते सगळ्यांनी सांगितलं, रक्ताचं कोणी बोललंच नाही. पाळीत लोह जातं, घामातून थोडं जातं, आणि जोराचं धावून आल्यावर काही तास हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं, त्यामुळे आतडी लोह नीट शोषत नाहीत. हिमोग्लोबिन 12 च्या वर असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून तो साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणीही करायला सांग. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच. जास्तीचं लोह शरीर सहज बाहेर टाकत नाही. मिसळीवर लिंबू पिळ, त्याने लोह अंगी लागायला मदत होते. आणि चहा त्यात अडथळा आणतो, म्हणून तो लगेचचा कटिंग तासाभराने घे.

रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि पुढच्या महिन्यात इकडे ये. गोल्फ क्लब मैदानावर काकूंची ओळख करून देते.

तुझीच,
वैशू