पश्चात्तापाच्या अश्रूंचे पुढे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांत नुकतेच एका तरुणाचे पत्र आले. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला तो एका मैत्रिणीसोबत चर्चमध्ये गेला होता. बारा ते तीन लोक गुडघे टेकून पापकबुली करत होते, पांढऱ्या साड्यांतल्या बाया रडत होत्या, आणि त्याचा जीव गुदमरला. त्याने विचारले आहे की ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विटाळ म्हटले गेले, ज्यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच नागपुरात बाबासाहेबांसोबत ते ओझे भिरकावून दिले, त्यांच्या नातवंडांनी पुन्हा ‘मी पापी, मी अधम’ हे शब्द का ऐकावेत? प्रश्न प्रामाणिक आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कितीतरी कुटुंबांचे पूर्वज त्याच वस्त्यांतून आलेले आहेत. म्हणून एक ख्रिस्ती बाई आणि आयुष्यभर सरकारी वॉर्डात काम केलेली परिचारिका या नात्याने मी उत्तर देते आहे.

गुड फ्रायडेला आम्ही जे स्तोत्र म्हणतो ते बायबलमधले 51 वे. ते कोणाच्या तोंडी आहे, हे आधी पाहावे. ते दावीद राजाचे. त्याने उरीया नावाच्या आपल्याच शिपायाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पुढे धाडले. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सुनावले तेव्हा राजाला रडू फुटले. म्हणजे हे गाऱ्हाणे सत्ता हातात असलेल्याचे आहे, आणि केलेल्या कर्माचे आहे. कुणाच्या जन्मावर बोट ठेवून त्याला वाकवायला ते स्तोत्र वापरले जात असेल, तर वापरणाऱ्याचा तो अपराध आहे, आणि आमच्यातही असे घडलेले नाही असे मी म्हणणार नाही. गरीब बाईला व्यासपीठावरून ‘तू पापी’ म्हणून दरडावणे आणि पहिल्या बाकावरच्या कंत्राटदाराला हार घालणे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याची मला मनापासून चीड आहे.

पण पापाचे दुःख म्हणून काही असते, हे मी सोडणार नाही. जखम दुखते म्हणून माणूस दवाखान्यात येतो. दुखणेच मेले असते तर आला नसता. मात्र रोज येऊन जखम दाखवायची, विव्हळायचे आणि ड्रेसिंगला हात लावू द्यायचा नाही, असे कोणी करू लागले तर काय म्हणावे? आमच्या मंडळ्यांत हे होते. दरवर्षी तेच पाप, तेच अश्रू, तीच साक्ष, आणि तीन वाजता उपासना सुटली की सगळे होते तिथेच.

एक गृहस्थ होते. वडिलांमागे घर राहिले. ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, 1925 लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी. तरी त्यांनी बहिणीला अडचण सांगून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. पुढे अडचण सरली, घराचे मोल वाढले, आणि मन खाऊ लागले. दर गुड फ्रायडेला उभे राहून रडायचे. आम्ही बायकाही त्यांच्यासोबत डोळे पुसायचो. एकदा आमच्या वृद्ध पाळकांनी उपासनेनंतर त्यांना बाजूला घेऊन विचारले, “देवाला दरवर्षी सांगता. तिला एकदा तरी सांगितलं का?” सांगितले नव्हते. त्यानंतर वर्षभराने निम्म्या घराचे बक्षीसपत्र बहिणीच्या नावे झाले. बहीण लगेच बोलू लागली असे मुळीच नाही, ती आजही जपूनच बोलते. पण त्या रविवारी त्यांनी उपकारस्तुतीचे अर्पण वाहिले आणि गाणे म्हटले.

शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, जक्कय जकातदाराची गोष्ट आहे. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि लुबाडलेले चौपट परत केले. त्या सबंध गोष्टीत तो रडल्याचा एक शब्द नाही. येशू आपण होऊन त्याच्या घरी पाहुणा आला, जक्कयाने आनंदाने त्याचे स्वागत केले, आणि मग त्याचा हात देण्यासाठी सुटला. आधी भेट, मग देणे.

इथे कोणी म्हणेल, मग नुसते परत केले की झाले. तेही खरे नाही. येशूला चांदीच्या तीस नाण्यांसाठी धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्याने ती तीसही नाणी परत केली होती. ‘मी पाप केले’ हेही तो बोलला होता. आणि गळफास घेऊन मेला. ‘मी येशूला ओळखत नाही’ असे तीनदा म्हणणाऱ्या पेत्र या शिष्याने तर काहीच परत केले नाही. कोंबडा आरवला, तो बाहेर जाऊन मनस्वी रडला, एवढेच. फरक असा की पेत्र थांबला. पुढे तिबिर्याच्या समुद्राकाठी येशूने त्याला निखाऱ्यांवर भाजलेली मासळी खाऊ घातली आणि ‘तू मला का नाकारलेस’ असे एकदाही विचारले नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारले, आणि प्रत्येक वेळी आपली मेंढरे, म्हणजे आपले अनुयायी, सोपवली. नाण्यांचा हिशेब चुकता करून यहूदाला जे मिळाले नाही, ते पेत्राला न्याहारीला मिळाले. मी हा उतारा कितीदा वाचला असेल, अजून तिथेच अडखळते.

मी वॉर्डात असताना एक म्हातारी आठवड्यातून एकदा बेवारस रुग्णांची नखे कापायला, केस विंचरायला यायची. ज्यांचे कोणी नाही त्यांना औषध सरकार देते, पण नखे कोण कापणार? आम्हा परिचारिकांना तेवढा वेळ कधीच नसायचा. ती कोमट पाण्यात हात भिजवत ठेवायची, सावकाश एकेक बोट घ्यायची, बोलत राहायची. तिची सासू लकव्याने पडून होती तेव्हा हिने तिची हेळसांड केली होती. सासू पाठीवरच्या जखमा चिघळून गेली. मला हे कळल्यावर मी म्हटले, “आजी, किती दिवस फेडणार?” तिने वर पाहिले. “फेडाले नाही येत मी, सिस्टर. ते तं फिटलं. फिटलं म्हणूनच येते.”

पापाच्या दुःखाला ख्रिस्ती उत्तर काय, हे मला त्या बाईने शिकवले. तोवर मी ते नुसते ऐकले होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू शिमोन नावाच्या परूश्याला, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मनिष्ठाला, दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो, एकाचे देणे पाचशे, दुसऱ्याचे पन्नास. दोघांनाही फेडता येईना तेव्हा सावकाराने दोघांनाही सूट दिली. मग अधिक प्रीती कोण करील? त्याच क्षणी एक बाई येशूचे पाय आसवांनी भिजवून केसांनी पुशीत होती आणि सुगंधी तेल लावीत होती. येशूने तिच्याकडे पापांची यादी मागितली नाही. ‘शांतीने जा’ म्हणाला. तिचे रडणे आणि तिचे देणे तिथे एकच झालेले दिसते.

आमच्या बायबल अभ्यासात पाळकांनी 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीची ओळख करून दिली होती. ख्रिस्ती शिकवण प्रश्नोत्तरांतून सांगणाऱ्या जर्मनीतल्या त्या जुन्या पुस्तिकेत 129 प्रश्न आहेत. माणसाच्या पापावर आणि दुर्दशेवर त्यांतले नऊ, तिसऱ्यापासून अकराव्यापर्यंत. मग सुटकेचा मोठा भाग. आणि 86 पासून शेवटपर्यंत 44 प्रश्न कृतज्ञतेवर. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थनाही त्या कृतज्ञतेच्या भागातच घातलेली आहे. आज्ञा पाळायच्या त्या भीतीने नव्हे, उपकार आठवून, असा तिचा अर्थ. आमच्या उपासनांत हे प्रमाण उलटे झाले आहे, असे मला वाटते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या प्रांताशी जोडलेले आहे. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या इकडे आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन गेल्या. त्याच मुलींचे पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्ती सदन. 1905 मध्ये तिथल्या मुली आपल्या पापांसाठी ओक्साबोक्शी रडल्या, हे पुष्कळदा सांगितले जाते. पण त्या रडल्या ते घर कशातून उभे राहिले होते? उपाशी राहिलेल्या एका बाईने स्वतः वाचल्यावर दुसऱ्यांच्या ताटात वाढले, यातून. हे आम्ही कमी सांगतो.

त्या तरुणाला माझे एवढेच सांगणे आहे की तुम्ही पाहिलेत ते आमचे अर्धे होते. उरलेले अर्धे तुम्हाला दिसले नाही, याचा दोष तुमचा नाही. या वर्षीही या. प्रश्न घेऊन या.

आणि नागपुरातल्या मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना विनंती की गुड फ्रायडेच्या पत्रिकेत पापकबुलीच्या प्रार्थनेखाली एक ओळ जास्त छापावी: उपासनेनंतर कुठे आणि किती वाजता जमायचे. कुणी रक्तपेढीत जावे, आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांना रक्त लागतच असते. कुणी गडचिरोली-बालाघाटहून आलेल्या, रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली पथारी टाकलेल्या नातेवाइकांना जेवण द्यावे. ज्याला कुणाचे काही परत करायचे असेल त्याने तिकडे न येता सरळ त्या घरी जावे. आमचे महिला मंडळ वॉर्डात जाणार आहे. येणाऱ्यांनी आदल्या दिवशी वॉर्डाच्या सिस्टरची परवानगी घ्यावी, फोटो काढू नयेत, पत्रके वाटू नयेत. प्रत्येक रुग्णासाठी वेगळे नेलकटर आणावे आणि ते त्याच्यापाशीच ठेवून यावे. मधुमेही रुग्णाच्या पायाची नखे मात्र सिस्टरला विचारल्याशिवाय कापू नयेत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मेकोसाबाग, नागपूर