त्रिसिनोची यंत्रे लोट्यात आली, कायदा तिथेच राहिला

प्रति,
मा. जेसिका रोसवाल,
पर्यावरण आयुक्त, युरोपीय आयोग,
ब्रसेल्स.

विषय : पीफास रसायनांवरचे निर्बंध आणि ‘रीच’ या युरोपच्या रसायन-नियंत्रण कायद्याची फेररचना उद्योगांच्या दबावाखाली सैल न करण्याबाबत.

महोदया,

सप्रेम नमस्कार.

पुण्यात इंजिन-चाचणीच्या कामात एकतीस वर्षे काढून मी निवृत्त झालो. मूळ गाव चिपळूण तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठी. या पत्राचा इंग्रजी तर्जुमा तुमच्या कार्यालयाकडे पाठवतो आहे. पण मूळ पत्र मराठीतच लिहिले, कारण ते आधी माझ्या माणसांनी वाचावे असे मला वाटते. युरोपच्या कायद्याशी खाडीकाठच्या माणसाचा काय संबंध, हे आधी सांगतो.

इटलीच्या व्हिचेंत्सा जिल्ह्यात त्रिसिनो नावाचे गाव आहे. तिथे ‘मितेनी’ हा कारखाना पीफास बनवत असे. पीफास म्हणजे कार्बन आणि फ्लोरिन यांच्या अतिशय चिवट बंधावर उभी असलेली हजारो रसायने. न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारे कापड, आग विझवायचा फेस अशा कितीतरी गोष्टींत ती असतात. ती निसर्गात मोडत नाहीत, म्हणून त्यांना कायमची रसायने म्हणतात. त्रिसिनोच्या जमिनीखालचे पाणी त्यांनी नासले. २०१३ मध्ये ते उघडकीस आले, तेव्हा सुमारे साडेतीन लाख माणसांचा प्रदेश त्या पाण्याच्या टापूत होता. तिथल्या आयांनी मुलांच्या रक्त-तपासणीतला आकडा पांढऱ्या सदऱ्यावर लिहून मोर्चे काढले. कारखान्याचे २०१८ मध्ये दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये व्हिचेंत्साच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या.

इथपर्यंतची हकिकत तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक असेल. पुढची माझ्या तालुक्याशेजारची आहे. दिवाळखोरीनंतर त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात निघाली, ती एका भारतीय कंपनीने घेतली आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणून बसवली. हे सगळे कायदेशीर आहे. इथे त्या यंत्रांनी काही बिघडवले, असा आरोप मी करत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण लोट्याच्या वसाहतीचे सांडपाणी शेवटी आमच्या खाडीकडे येते आणि या खाडीतल्या मच्छीमारांच्या तक्रारी जुन्या आहेत. युरोपात १२ जानेवारी २०२६ पासून पिण्याच्या पाण्यात ठरावीक वीस पीफास मिळून लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा लागू झाली. आमच्याकडे अशी बंधनकारक मर्यादा नाही. जी मोजायची सक्ती नाही, ती गोष्ट सहसा कोणी मोजत नाही, हे मी आयुष्यभर मोजण्याचेच काम केल्यामुळे सांगू शकतो.

तुम्ही स्वीडनच्या. तुमच्याच देशात रोनेबीजवळच्या कालिंगे गावात हवाई तळावरच्या आग विझवायच्या फेसातून ही रसायने नळाच्या पाण्यात उतरली. लोक वर्षानुवर्षे ते पाणी प्यायले. डिसेंबर २०२३ मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रक्तात या रसायनांचे प्रमाण इतके वाढणे हीच शारीरिक इजा आहे, त्यासाठी आजार उमटण्याची वाट पाहायला नको. हा निकाल वाचला त्या दिवशी मी तो घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे आजवर उलटा न्याय चालत आला आहे : आधी आजारी पडा, मग तो आजार कशामुळे झाला ते तुम्हीच सिद्ध करा.

आता उद्योगांच्या मागण्यांविषयी. तुमच्या टेबलावर ज्या विनंत्या येतात त्यांत दोन गोष्टी कायम असतात. एक, खर्चाचा मोठा आकडा. दुसरी, थोडी मुदत. या दोन्हींचा इतिहास जुना आहे.

‘रीच’ कायदा घडत होता तेव्हा, २००२ मध्ये, जर्मन उद्योग महासंघाने एका सल्लागार कंपनीकडून अभ्यास करून घेतला. त्यात ढग, वादळ आणि चक्रीवादळ अशी तीन चित्रे रंगवली होती. चक्रीवादळ आले तर जर्मनीत साडेतेवीस लाख रोजगार जातील, असे भाकीत होते. त्या वेळी अख्ख्या जर्मन रसायन उद्योगात पाच लाखांहून कमी माणसे कामाला होती. सप्टेंबर २००३ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीचे नेते ब्लेअर, शिराक आणि श्रोडर या तिघांनी मिळून आयोगाच्या अध्यक्षांना पत्र लिहून काळजी कळवली. मसुदा सौम्य झाला. कायदा १ जून २००७ रोजी लागू झाला आणि चक्रीवादळ काही आले नाही. आम्ही कोकणातली माणसे, चक्रीवादळ म्हणजे काय ते २०२० मध्ये निसर्ग वादळात पाहिले आहे. भीती घालण्यासाठी तो शब्द वापरलेला पाहून मनाला लागते.

गाड्यांचे खाते तुमचे नाही, पण आयोग एकच आहे आणि माझा अनुभव गाड्यांचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनची लबाडी जाहीर केली. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर होते की, गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ते ओळखे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करी. आमच्यासारख्यांना हा धक्का फार वैयक्तिक होता. टेस्ट सेलमध्ये रात्र-रात्र बसून जे आकडे आम्ही लिहीत आलो, त्या आकड्यांवरच्या लोकांच्या विश्वासाला तडा गेला. पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर त्याच डिसेंबरात भारतातल्याही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

मग युरोपने काय केले? नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम होती. रस्त्यावर प्रत्यक्ष चाचणी घ्यायचे ठरले, हे चांगलेच झाले. पण बिंग फुटल्यानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी, २८ ऑक्टोबर २०१५ रोजी, सदस्य देशांच्या समितीने रस्त्यावरच्या चाचणीत सुरुवातीची काही वर्षे २.१ पट सूट मंजूर केली. म्हणजे ८० ऐवजी १६८. मोजणाऱ्या यंत्राची चूक थोडीफार असते, हे मी स्वतः मान्य करीन. दुपटीहून जास्त नसते. युरोपीय संसदेत ही सूट फेटाळण्याचा ठराव फेब्रुवारी २०१६ मध्ये ३१७ विरुद्ध ३२३ मतांनी पडला. सहा मते. पॅरिस, ब्रसेल्स आणि माद्रिद ही शहरे न्यायालयात गेली, २०१८ मध्ये जिंकलीही. पण २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने शहरांना अशी दाद मागता येत नाही म्हणून तो निकाल रद्द केला.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. डिझेलचा धूर स्वच्छ करायला ॲडब्लू नावाचे द्रावण लागते, आमचे ट्रकवाले त्याला सरळ युरिया म्हणतात. जुलै २०२१ मध्ये तुमच्याच आयोगाने फोक्सवॅगन गट आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरो दंड केला. डाइम्लरने आधीच माहिती दिल्याने तिला दंड माफ झाला. गुन्हा असा, की कायद्याला लागते त्याहून जास्त स्वच्छ धूर देण्याची स्पर्धा आपसांत करायची नाही, असे या कंपन्यांनी बसून ठरवले होते. म्हणजे तंत्र हाताशी होते. जे उद्योग ‘हे जमणारच नाही’ म्हणत तुमच्याकडे येतात, त्यांच्याशी बोलताना हा निकाल शेजारी ठेवा.

‘युरो ७’ या मोटारींच्या प्रदूषणाच्या नव्या युरोपीय नियमाची तीच गत झाली. आयोगाचा स्वतःचा हिशेब होता की एका मोटारीमागे ९० ते १५० युरो वाढतील. वाहन उत्पादकांच्या संघटनेने दुसऱ्यांकडून करून घेतलेल्या अभ्यासात तो आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. २०२४ मध्ये नियम मंजूर झाला तेव्हा ब्रेकची भुकटी, टायरची झीज, बॅटरीचे आयुष्य या नव्या गोष्टी त्यात आल्या, पण मोटारींच्या धुराची मर्यादा युरो ६ चीच राहिली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये आयोगाने नव्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये २०३५ पर्यंत शंभर टक्के कपात करण्याचे उद्दिष्ट नव्वदवर आणण्याचा प्रस्ताव मांडला.

भारताचे धुराचे नियम युरोपच्या नियमांवर बेतलेले आहेत. एप्रिल २०२० मध्ये आम्ही पाचवी पायरी गाळून थेट बीएस ६ वर आलो, ते युरो ६ च्या धर्तीवर. मी त्या काळात कामावर होतो आणि तो निर्णय झाला याचा मला आजही अभिमान वाटतो. तुमची पुढची पायरी ठेंगणी झाली की आमच्या पुढच्या पायरीसाठी मांडायचा दाखलाही ठेंगणा होतो. पुण्याच्या सिग्नलवर दुचाकीवर मूल पुढे बसवून उभ्या असलेल्या आईच्या श्वासात ब्रसेल्समधली ती सूट अशी पोहोचते.

म्हणून पीफासविषयी इतक्या कळकळीने लिहितो आहे. जानेवारी २०२३ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि तुमचा स्वीडन यांनी दहा हजारांहून अधिक पीफासवर एकत्र निर्बंध सुचवले. हेलसिंकीतल्या युरोपीय रसायन संस्थेकडे ५,६०० हून अधिक हरकती आणि सूचना आल्या. रसायन उद्योगाची ब्रसेल्समधली मुख्य संघटना वर्षाला एक कोटी युरोच्या घरात खर्च आपले म्हणणे युरोपच्या संस्थांच्या गळी उतरवण्यावर करते, हे तिनेच युरोपच्या पारदर्शकता नोंदवहीत लिहिलेले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्योगपतींनी अँटवर्पमधल्या बीएएसएफ या रसायन कंपनीच्या आवारात आपला जाहीरनामा थेट आयोगाच्या अध्यक्षांच्या हाती दिला. त्रिसिनोच्या आयांना त्याच मोकळेपणाने वेळ मिळावा, एवढे तरी तुमच्या हातात आहे.

उद्योगांचे सगळेच म्हणणे खोटे आहे, असे मी म्हणणार नाही. काही वैद्यकीय साधनांत आणि चिप बनवण्यात आज पर्याय नाही. मूळ प्रस्तावात त्यासाठी पाच आणि बारा वर्षांच्या सवलती आहेत. त्या ठेवा, पण प्रत्येक सवलतीला शेवटची तारीख ठेवा आणि तवे, कपडे, वेष्टने त्या आडून सुटू देऊ नका.

‘रीच’ सुधारण्याचे वचन आयोगाने ऑक्टोबर २०२० च्या रसायन धोरणात दिले होते, आणि ती मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. आता ‘सुलभीकरण’ हा शब्द ऐकू येतो. कागद कमी करा, माझी हरकत नाही. चाचण्या आणि माहिती कमी करू नका. त्याच धोरणात आणखी एक वचन होते : युरोपात बंदी असलेली घातक रसायने निर्यातीसाठीही बनवू दिली जाणार नाहीत. त्यावर कायदा अजून नाही. लोट्यातली यंत्रे पाहता मी त्यात एका ओळीची भर मागतो. घातक म्हणून युरोपात बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रे बाहेर विकली जात असतील, तर त्याबरोबर तिथल्या पाण्याचे, रक्ताचे आणि जमिनीचे सगळे अहवाल घेणाऱ्या देशाच्या सरकारला आणि तिथल्या ग्रामपंचायतीला देणे बंधनकारक करा.

या ओळीला तुमचा पाठिंबा आहे की नाही आणि निर्यातीच्या वचनाचा कायदा कोणत्या वर्षी येणार, या दोनच प्रश्नांची उत्तरे मला हवी आहेत. ती आली की मराठीत करून खाडीकाठच्या गावांत वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त इंजिन-चाचणी अभियंता,
पुणे (मूळ गाव दाभोळ खाडीकाठ, तालुका चिपळूण)