वेम्बलीपर्यंत पोहोचलेला आखाडा

लंडन, रविवार

ती. आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडं त्या ठरवून केलेल्या कुस्तीला एवढी माणसं जातात तरी कशाला?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय लोणच्याकडे वळला. पण तुमचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. शिवाय आपली धाकटी आता मुरगूडला सरावाला जायला लागली आहे, म्हणून इथल्या एका कुस्ती भरवणाऱ्या संस्थेची गोष्ट सांगायला मुद्दाम पत्रच लिहायला बसले. हे सगळं फोनवर सांगून होणार नाही.

आधी तुमचा आक्षेप घेते. होय, इथल्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. कोल्हापूरच्या खासबागेत कुणी अशी नुरा कुस्ती केली तर लोक त्याला मैदानातून हाकलून देतील आणि ते बरोबरच आहे. तिथं माणूस जोड बघून, इनाम ऐकून येतो. त्याला फसवणं हा गुन्हाच. इथं मात्र दारात तिकीट घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. तो बघायला येतो ते दोन माणसं मिळून एक लढत कशी उभी करतात ते. आणि पडणं खरंच असतं, आबा. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसा फोम आणि कॅनव्हास. आपल्या हौद्यातल्या हळद, ताक, तेल घालून मऊ केलेल्या मातीशी त्याची बरोबरीच नाही. पाठीवर पडलेल्या माणसाचा आवाज गॅलरीत बसलेल्यालाही छातीत जाणवतो. ऑस्ट्रियाचा वॉल्टर नावाचा आडदांड गडी समोरच्याच्या छातीवर उघड्या पंजाने मारायचा तेव्हा पाचही बोटं लाल उमटलेली मी जवळून पाहिली आहेत.

या देशाला कुस्ती नवी नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं? गामा १९१० साली इथंच, लंडनला, झिबिस्कोशी लढला आणि तो तगडा पोलिश पैलवान तासन् तास पोटावर पालथा पडून राहिला. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली तर तो आलाच नाही. ही गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो. पुढं १९५५ पासून इथल्या आयटीव्ही वाहिनीवर ठरवलेली कुस्ती दिसायला लागली. दर शनिवारी दुपारी चारला घरोघरी टीव्ही लागायचे. बिग डॅडी आणि जायंट हेस्टॅक्स हे दोघे अगडबंब गडी १९८१ मध्ये लंडनमधल्या वेम्बलीच्या मोठ्या सभागृहात भिडले. १९८८ मध्ये वाहिनीने कुस्ती बंद केली आणि सगळा धंदा बसला. अमेरिकेच्या कुस्तीने टीव्ही व्यापला, इथले पैलवान सुट्टीच्या गावांतल्या हॉलमध्ये आणि छोट्या कार्यक्रमांत उरले. अशी वीसेक वर्षं गेली.

आता मला सांगायची आहे ती संस्था. प्रोग्रेस तिचं नाव. २०११ मध्ये दोघांनी ती काढली. जिम स्मॉलमन हा स्टेजवर विनोदी कार्यक्रम करणारा कलाकार, आणि जॉन ब्रायली हा असे कार्यक्रम भरवणारा माणूस. पहिला कार्यक्रम २५ मार्च २०१२ रोजी, उत्तर लंडनमधल्या 'द गॅरेज' नावाच्या गाण्याबजावण्याच्या हॉलमध्ये झाला. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा देतात. यांनीही पहिल्या विजेत्याला, नेथन क्रूझला, पट्ट्याच्या ऐवजी हातात धरायचा लांब दंडा दिला होता. पट्टा नंतर आला. प्रत्येक कार्यक्रमाला ते 'अध्याय' म्हणायचे, पहिला अध्याय, दुसरा अध्याय, म्हणजे एकदा आलेल्या माणसाला पुढचा चुकवावासाच वाटू नये.

जागा कमी पडायला लागली तशी ते कॅम्डनला गेले. कॅम्डन टाउन स्टेशनच्या अगदी शेजारी इलेक्ट्रिक बॉलरूम म्हणून जुना हॉल आहे. काळ्या भिंती, वर गॅलरी, खाली सांडलेल्या बिअरने चिकट झालेली जमीन. रिंगच्या चारी बाजूंना खुर्च्या आणि त्यामागं उभी माणसं. सातशेच्या आसपास मावतात. रविवारी दुपारी तिथं कुस्त्या व्हायच्या आणि तिकिटं विक्रीला आली की काही मिनिटांत संपायची. हॉस्पिटलातल्या एका मैत्रिणीने मला नेलं आणि मग मी जातच राहिले.

सुरुवातीला स्मॉलमन स्वतः माइक घेऊन रिंगमध्ये यायचा. पहिल्यांदा कोण आलंय ते विचारायचा, नव्या माणसांसाठी टाळ्या वाजवायला लावायचा आणि मग एकच नियम सांगायचा: इथं कुणी हलकटपणा करायचा नाही. रंगावरून, बाईमाणसावरून, कुणाच्या आवडीनिवडीवरून घाणेरड्या घोषणा दिल्या तर बाहेर. मी, सावळी, साडेचार हजार मैलांहून लांबून आलेली, त्या गर्दीत एकटी उभी राहिले तरी मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. या देशातल्या खेळाच्या मैदानांबद्दल जे ऐकलं होतं त्यापुढं हे फार मोठं होतं. लोक त्या संस्थेवर जीव टाकत होते ते फक्त कुस्तीसाठी नव्हे, हे मला तेव्हाच कळलं.

आणि कुस्ती? आबा, तुम्ही झॅक सेबर ज्युनियरला बघायला हवं होतं. केंटचा सडपातळ पोरगा. समोरच्याचं मनगट धरायचा, कोपर उलटं फिरवायचा, तो सुटायला खाली गडगडला की हा त्याच्या बरोबरच गडगडून पायाची बोटं धरायचा. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा डाव, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ही इथली जुनी, टीव्हीच्या काळातली चाल. नव्या पोरांनी ती पुन्हा शिकून घेतली. दुसरीकडे एसेक्सचा विल ऑस्प्रे दोरांवरून अशा उड्या मारायचा की गर्दी ओरडायचीच विसरायची. २०१५ पासून मे महिन्यात सोळा जणांची स्पर्धा सुरू झाली. पहिली ऑस्प्रेने जिंकली, २०१८ ची सेबरने. २०१७ मध्ये मुलींचीही विजेतेपदाची लढत सुरू झाली, पहिली विजेती टोनी स्टॉर्म. आज सेबर जपानमध्ये आणि वॉल्टर अमेरिकेत गुंथर या नावाने, दोघांनीही २०२४ मध्ये तिथले सर्वात मोठे किताब जिंकले. ही सगळी मंडळी कॅम्डनच्या त्या चिकट जमिनीपाशी मी हाताच्या अंतरावर पाहिली आहेत.

मग संस्था वाढत गेली, लंडनमधलीच मोठमोठी सभागृहं घेऊ लागली. २०१६ मध्ये ब्रिक्स्टन, २०१७ मध्ये अलेक्झांड्रा पॅलेस आणि ३० सप्टेंबर २०१८ रोजी वेम्बली अरीना. जिथं बिग डॅडी लढला होता, तिथंच. साडेचार हजारांहून जास्त लोक आले. ग्लासगोच्या आयसीडब्ल्यू संस्थेने २०१६ मध्ये सहा हजारांवर जमवले होते, त्यामुळे हा उच्चांक नव्हता. पण टीव्ही वाहिनी पाठीशी नसताना, सात वर्षांपूर्वी दोन माणसांनी काढलेल्या संस्थेसाठी ते अफाट होतं. शेजारी बसलेले एक आजोबा लहानपणी वडिलांबरोबर शनिवारची कुस्ती बघायचे. ते पूर्ण वेळ नातवाला हे सांगत होते आणि नातू ऐकतही होता.

घसरण मात्र आधीच सुरू झाली होती असं मला वाटतं. जानेवारी २०१७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेच्या बड्या कुस्ती कंपनीने ब्लॅकपूलला ब्रिटिश पैलवानांची स्पर्धा भरवली. टायलर बेट नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा जिंकला, अंतिम फेरीत त्याने पीट डनला हरवलं. दोघेही प्रोग्रेसमध्ये गाजत असलेले. तेव्हा आम्हाला अभिमानच वाटला. कंपनीने पोरांना करार दिले आणि इथंही लढायची मोकळीक ठेवली. २०१८ मध्ये कंपनीने ब्रिटनसाठी एनएक्सटी यूके हा स्वतंत्र कार्यक्रम काढला, २०१९ च्या सुरुवातीला लंडनमध्ये स्वतःचं प्रशिक्षण केंद्र उघडलं आणि हळूहळू करार आवळत गेले. कुणी कुठं लढायचं, कुठल्या लढतीचं चित्रीकरण दाखवायचं, हे आता दुसरीकडे ठरायला लागलं. पोरांना दोष कसा देणार? एका कार्यक्रमाची बिदागी, टी-शर्ट विकून मिळणारे चार पौंड आणि गुडघा गेला तर खायचं काय, अशी त्यांची गत होती. महिन्याचा पगार कुणी नाकारावा? पण संस्थेचं बळ होतं तेच मुळी इथले डाव दुसरीकडे कुठं बघायला मिळत नाहीत यात. ते गेलं. २०१९ च्या अखेरीला स्मॉलमनही संस्था सोडून डब्ल्यूडब्ल्यूईत गेला. जुने लोक उघड बोलायला लागले की आपण आता मोठ्या कंपनीची तालीम झालो आहोत.

आणि ज्या एनएक्सटी यूकेसाठी हे सगळं झालं ते कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये गुंडाळलं. बऱ्याच जणांना घरी पाठवलं. याचा मला आजही राग येतो.

मार्च २०२० मध्ये करोनाने हॉल बंद झाले. जूनमध्ये जे झालं ते लिहायला मला संकोच वाटतो, पण तुम्हाला लिहायलाच हवं. ब्रिटनभरातल्या मुली, आणि काही मुलगेही, एकामागोमाग एक पुढं येऊन सांगायला लागले की तालमीत, गाडीतून गावोगावी जाताना, ड्रेसिंग रूममध्ये त्यांच्याबरोबर काय काय झालं होतं. शिकवणाऱ्यांकडून, मोठ्या नावांकडून. 'स्पीकिंग आउट' म्हणून ती चळवळ ओळखली जाते. प्रोग्रेसमध्ये लढलेल्या काही जणांवरही आरोप झाले, काहींची कामं गेली. आमच्यासारखे प्रेक्षक सुन्न झाले. हलकटपणा करायचा नाही हा नियम आम्ही डोक्यावर घेतला होता. तो प्रेक्षकांना माइकवरून सांगितला जात होता, पण पडद्यामागं तो पाळला जातोय की नाही हे बघणारं कुणी नव्हतं. ज्या पोरीला तक्रार करायची होती तिला जायला दार नव्हतं, कारण दाराशी उभा माणूसच कोण कुणाशी लढणार ते ठरवणारा, पैसे देणारा आणि कधी कधी शिकवणाराही.

नंतर इथल्या खासदारांच्या गटाने कुस्तीच्या धंद्याची पाहणी केली. एप्रिल २०२१ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यात स्पष्ट म्हटलं होतं की या देशात उद्या कुणीही उठून कुस्तीची शाळा उघडू शकतो, त्याला विचारणारं कुणी नाही. २०२२ मध्ये कायदाही बदलला. खेळाचे प्रशिक्षक आता शाळामास्तरांसारखेच विश्वासाच्या पदावरचे धरले जातात आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींशी त्यांनी संबंध ठेवले तर तो गुन्हा ठरतो.

प्रोग्रेस संपलेली नाही. २०२१ च्या सुरुवातीला पेकहॅमच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांविना तिने पुन्हा सुरुवात केली, पुढं मालक बदलले आणि इलेक्ट्रिक बॉलरूममध्ये कार्यक्रम परत सुरू झाले. मी अधूनमधून जाते. पोरं जीव तोडून लढतात. पण वेम्बली आता कुणाच्या तोंडी नाही आणि मी स्वतः रिंगपेक्षा जास्त वेळ नव्या मुलींकडे बघत राहते, यांना कोण शिकवतंय, यांच्याबरोबर गाडीत कोण असतं.

म्हणून धाकटीबद्दल लिहिते. तिने कुस्ती सोडावी असं मी मुळीच म्हणत नाही. उलट तिचा खुराक कमी पडू देऊ नका, दुधाचे पैसे मी पाठवते. मुरगूडचं नाव चांगलं आहे, तिथल्या पोरींनी ते कमावलं आहे. पण २०२३ च्या जानेवारीत विनेश, साक्षी यांच्यासारख्या पदकं आणलेल्या पोरींना जंतरमंतरवर बसावं लागलं, ते आपण दोघांनी टीव्हीवर पाहिलंय. तेव्हा पुढच्या आठवड्यात तुम्ही स्वतः जाऊन तीन गोष्टी विचारा. मुलींच्या राहण्याच्या जागी बाईमाणूस कोण असतं. स्पर्धेला बाहेरगावी नेताना बरोबर कोण जातं. आणि वस्तादांविषयीच काही सांगायचं असेल तर मुलीने कुणाकडे जायचं. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्थाही येतात, त्यामुळे तक्रार समिती कुठली, तिथली की जिल्ह्याची, एवढं त्यांना सांगता यायला हवं. तुम्ही जुने पैलवान, तुम्ही विचारलंत तर कुणाला राग येणार नाही. उलट बाकीच्या पोरींच्या घरच्यांनाही विचारायचं धैर्य येईल. त्या समितीचा नंबर धाकटीच्या वहीत तुमच्यासमोर लिहून घ्या.

आईला सांगा, लोणचं पोहोचलं, बरणी फुटली नाही. तुमच्या गुडघ्याची औषधं वेळेवर घ्या. मुरगूडला काय सांगितलं ते मला सविस्तर कळवा.

तुमची,
थोरली