पाण्याचे रॉकेट उडवा, पण दोरी ओढून नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तो २३ ऑगस्ट आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो आणि त्या निमित्ताने शाळाशाळांत बाटलीची रॉकेटे (थोडे पाणी घालून पंपाने हवा भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या) उडतात. याचा आनंदच आहे. मात्र बाटली बहुतेक ठिकाणी अजून दोरी ओढून सोडली जाते. कोकणात तेव्हा भर पावसाळा. भिजलेली दोरी ताणते, मग हिसका मारावा लागतो, स्टँड कलतो आणि रॉकेट ओढणाऱ्याच्याच दिशेने सुटू शकते. ४ बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे चौपट) दाबाला बाटलीच्या तोंडाशी सुमारे १५ किलो वजनाइतका जोर असतो. म्हणून शाळांनी बिनतारी कंट्रोलर बनवावा, अशी कळकळीची विनंती आहे.

सामान थोडेच लागते: दोन आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम भरता येणारे छोटे सर्किट बोर्ड), दोन एनआरएफ२४एल०१ रेडिओ मोड्यूल, एक एमजी९९६आर सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर), किल्लीचा स्विच आणि दाबून धरायचे बटण. एक नॅनो-रेडिओ जोडी बटणापाशी संदेश पाठवते, दुसरी म्हणजे रिसीव्हर, ती स्टँडपाशी सर्व्हो फिरवते. रेडिओ मोड्यूलला ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ दिले की ते जळते. त्याच्या पायांना अगदी लागून १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. तो नसला की संदेश मध्येच गळतात आणि सगळे प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

खरी गोम सर्व्होत आहे. बाटलीची मान धरणारे केबल टाय बाहेरून आवळून ठेवणारी पाइपाची कडी थेट सर्व्होने ओढू नये. (ही कडी सरकली की बाटली सुटते.) ४.८ व्होल्टला त्याच्या २ सेंमी हाताच्या टोकाशी जेमतेम साडेचार किलोची ओढ मिळते. कडी घासून अडली की सर्व्हो अडीच अँपिअरपर्यंत करंट खेचतो, व्होल्टेज कोसळते, नॅनो रीसेट होतो आणि बाटली अर्धवट सुटलेली राहते. त्याऐवजी कडी सायकलच्या ट्यूबच्या ताणलेल्या पट्टीने ओढू द्यावी. सर्व्होने फक्त कडीला रोखून धरणारी, ग्रीस लावलेली अडकण-पिन काढावी. सर्व्होला चार रिचार्जेबल पेन्सिल सेल वेगळे द्यावेत, नॅनोला दोन लिथियम सेल, आणि दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडावे. नॅनोला पॉवर बँक नको. एवढ्या कमी करंटवर बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळाने आपोआप बंद पडतात.

चालू करताक्षणी सर्व्हो एक झटका देतो. प्रोग्रॅममध्ये आधी बंद स्थितीचा कोन लिहावा, मगच सर्व्हो जोडण्याची आज्ञा द्यावी. तरीही रिसीव्हर नेहमी हवा भरण्याआधीच चालू करावा. किल्ली फिरवलेली असेल आणि बटण दोन सेकंद दाबून धरले असेल, तरच पिन सुटावी. अर्धा सेकंद संदेश आला नाही की मोजणी पुन्हा शून्यावर यावी. प्रत्येक रेडिओ जोडीला प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र पत्ता (ओळख-क्रमांक) द्यावा, नाहीतर प्रदर्शनात शेजारच्या शाळेच्या बटणाने आपले रॉकेट सुटेल.

हवा ८-१० मीटर लांब नळीतून भरावी. सायकलच्या ट्यूबचा एकाच दिशेने हवा जाऊ देणारा व्हॉल्व्ह पंपाच्या टोकाला आणि त्याच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक छोटा बॉल व्हॉल्व्ह (हाताने उघडायची तोटी). पिन अडलीच तर लांबूनच हवा सोडता येते, भरलेल्या बाटलीजवळ कुणाला जावे लागत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह बाटलीकडे बसवला तर हवा परत येतच नाही, आणि ही चूक सर्रास होते.

बाटली गॅसवाल्या शीतपेयाचीच घ्यावी, पाण्याची पातळ बाटली चालत नाही. एक तृतीयांश पाणी, दाब ४ बारच्या वर नाही. ओरखडे पडलेली किंवा उन्हात तापून गेलेली बाटली टाकून द्यावी. पाण्याऐवजी फटाक्यांची दारू वापरण्याचा विचारही करू नये.

खाऱ्या हवेत तांबे लवकर हिरवे पडते, म्हणून सोल्डरच्या जोडांवर नेलपॉलिशचा हात द्यावा. कनेक्टरच्या पिनांवर मात्र नको. रिसीव्हर स्टीलच्या डब्यात ठेवला तर रेडिओलहरी अडतात, प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि तो बांबूवर मीटरभर उंच बांधावा. कारण ओले गवत या रेडिओच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषते. किनाऱ्यावर वाळू सर्व्होच्या गिअरमध्ये जाते, त्यापेक्षा सडा (जांभ्या कातळाचा उघडा माळ) बरा. कातळात खुंटी ठोकता येत नाही, तेव्हा स्टँडवर जांभ्याचे चिरे ठेवावेत. पण आधी आजूबाजूला नीट पाहावे. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांच्यावर ना चिरा ठेवावा, ना मुलांची रांग उभी करावी.

उडवण्याआधी दाबाशिवाय दहा वेळा आणि १ बारला तीन वेळा पिन सोडून पाहावी. एकदाही अडली, तर त्या दिवशी रॉकेट उडवू नये.

– एक विज्ञानशिक्षक, जि. रत्नागिरी